नरहरपंतांचं न फोडलेलं पान

नरहरपंत शिरस्तेदार कुणाचाही अर्ज हातात घेत नसत. समोर कागद ठेवला की ते लाकडी रूळ उचलायचे, रुळाच्या टोकानं कागद थोडा जवळ ओढायचे, मान तिरकी करून पहिल्या चार ओळी वाचायचे आणि त्याच रुळानं तो परत ढकलायचे. "हे आमच्याकडं येत नाही." कुणी फारच चिवटपणा केला तर म्हणायचे, "बसा. पण आशेनं बसू नका."

आमचं संस्थान सातारा आणि सांगली यांच्यामध्ये तुकड्यातुकड्यांनी सांडलेलं होतं. एक गाव संस्थानचं, शेजारचं खालसा, म्हणजे इंग्रजांचं, त्यापुढचं पुन्हा आमचं. न्याहारी करून निघालेला माणूस जेवणापर्यंत तीनदा राज्य बदलायचा. पण थाट काय वर्णावा! खाली मुन्सफ कोर्ट, त्यावर सरन्यायाधीशांचं कोर्ट, आणि त्यावर खुद्द हुजूर. बांधाबांधावरची भांडणं मुन्सफाकडं. मृत्युपत्रं, वारसाचे दाखले, पोरक्या मुलांना पालक नेमणं हे सरन्यायाधीशांकडं. अपील हुजुरांकडं, तेही त्यांची शिकार आटोपली असेल तर. सगळा कारभार एकाच इमारतीत, आणि माडीवर सरन्यायाधीशांकडं जाणाऱ्या जिन्याच्या तोंडाशी नरहरपंतांचं टेबल. मेलेल्या माणसाचं काहीही काम असो, ते नरहरपंतांना ओलांडूनच वर जायचं. ते जिवंतपणी कुणाला ओलांडू देत नसत.

मी त्याच कोर्टातला वकील. मला या माणसाची मनापासून चीड होती आणि ती बाळगण्यात मला मजाही वाटायची. बाररूममध्ये मी त्यांची नक्कल करायचो. रूळ, तिरकी मान, सगळं. लोक पोट धरून हसत.

युद्धाच्या दिवसांत ठकूबाई आली. माणच्या बाजूची धनगरीण. तिचा नवरा म्हाकू कराडच्या अलीकडं एका बागायतदाराच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला गेला होता, तिथंच तापानं गेला. गावाकडं त्याची सात एकर जमीन होती आणि ते गाव आमच्या संस्थानात. म्हाकू गेल्याचं कळताच चुलत दिरानं त्या रानात औत घातलं. बाईला मूलबाळ नव्हतं. वारसाचा दाखला मिळाला तरच रान तिचं, नाहीतर दिराच्या दारात भाकरीची वाट बघायची. तिनं मला वकीलपत्र दिलं. मी झोकात अर्ज लिहिला.

नरहरपंतांनी तो रुळानं ओढला. "मयत मेला कुठं? खालसा मुलखात. हे आमच्याकडं येत नाही."

आम्ही खालसातल्या कोर्टात गेलो. तिथले म्हणाले, रान संस्थानात, माणूस संस्थानातला, तिकडंच जा. पुन्हा नरहरपंत. मग त्यांनी डोळे मिटून कलम म्हणून दाखवलं. मयत इसम नेहमी जिथं राहत असेल, तिथल्या कोर्टानं दाखला द्यावा. पोथी म्हणावी तसं म्हणायचे, एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

"म्हाकू नेहमी कुठं राहत होता?"

ठकूबाई म्हणाली, "आवं सायब, दसरा झाला की आमी निघतो ते मिरगालाच माघारी येतो. कवा कराडला, कवा पार खाली कोकणात. कुठं म्हून सांगू?"

"चूल कुठं होती त्याची? चूल जिथं, तिथं माणूस राहतो."

"चूल घोड्यावं असती की!"

नरहरपंतांनी रूळ खाली ठेवला. "मग बाई, चूल घोड्यावरून उतरली की या."

मी युक्तिवाद केला, हातवारे केले, इंग्रजीसुद्धा झाडलं. अर्ज पाच वेळा घातला, पाच वेळा परत आला. तीन पेरण्या हुकल्या. तिच्या रानातली ज्वारी दिरानं तीनदा कापली आणि ती बांधावर उभी राहून बघत राहिली.

चौथ्या पेरणीच्या तोंडावर एके दिवशी कोर्टाच्या आवारात धूर दिसला. बघतो तर काय! लिंबाखाली तीन दगड, त्यावर तवा, आणि ठकूबाई भाकरी थापतेय. बाजूला घोडं, घोड्यापलीकडं चाळीसेक मेंढरं. शिपाई धावला तर त्याला म्हणाली, "का रं बाबा? शिरस्तेदार सायबांनीच सांगितलंय. चूल उतरली की ये म्हणलं. उतरलीया. आता लिवा."

बाई थट्टा करत नव्हती. तिला सांगितलं ते तिनं केलं होतं.

त्या वर्षी नवे सरन्यायाधीश आले होते. मेंढरांचा गलका ऐकून ते माडीवरून खाली उतरले, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि नरहरपंतांना म्हणाले, "कलम वाचा."

नरहरपंतांनी डोळे मिटून म्हटलं.

"पाठ नको. बुक आणा."

बुक आलं. त्या काळी कायद्याची काही बुकं कडेला पानं जोडलेलीच यायची, चाकूनं फोडून घ्यावी लागत. साहेबांनी कलम काढलं. पान संपलं होतं, वाक्य संपलं नव्हतं. पुढची दोन पानं एकमेकांना चिकटलेली, कधी न फोडलेली! "किती वर्षं वापरताय हे?" साहेबांनी विचारलं. चाकू शोधायला शिपाई पळाला, तोवर ठकूबाईनं लोकर कातरायची कमरेची कातर पुढं केली. त्या कातरीनंच ते पान कापलं गेलं. साहेबांनी मोठ्यानं वाचलं : आणि मयताचा राहण्याचा ठिकाणा कायम नसेल, तर त्याची मिळकत जिथं असेल तिथल्या कोर्टानं दाखला द्यावा.

आवारात एकच हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

महिन्याभरात दाखला मिळाला. ठकूबाईनं स्वतःच्या रानात ज्वारी पेरली. दाखला न्यायला आली तेव्हा तिनं मला सहज विचारलं, "वकीलसायब, तुमच्याकडं बी तसलं बुक हाय न्हवं?" मी म्हटलं, असतंच. ती घोड्याचा दोर सोडून निघून गेली.

पुढं संस्थानं विलीन झाली. मुन्सफ, सरन्यायाधीश, हुजूर, सगळी उतरंड गेली. नरहरपंत पेन्शन घेऊन सांगलीला मुलाकडं राहायला गेले. कातरीची गोष्ट मी ठिकठिकाणी रंगवून सांगत राहिलो. लग्नाच्या पंगतीत लोक ती मुद्दाम सांगायला लावत.

नरहरपंत अंथरुणाला खिळल्याचं कळलं म्हणून एकदा गेलो. खरं तर बघायला गेलो होतो, की आता तरी ताठा गेलाय का. खाटेवर वाळून गेले होते. उशाशी तो रूळ. मला बघून म्हणाले, "बसा."

बसलो.

मग म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही सगळ्यांत मोठ्यानं हसलात, वकीलसाहेब. मी मान खाली घालून उभा होतो. तेव्हा तुमच्या बुकाची आठवण झाली. एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतली होती आपण दोघांनी." रुळावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "कापलंत का पुढं?"

तो हशा पिकला त्याच संध्याकाळी घरी जाऊन मी दार लावून माझी प्रत काढली होती. तेच कलम, तेच पान, तसंच जोडलेलं. ब्लेडनं कापलं आणि बुक फळीवर परत ठेवलं. तीन पेरण्या त्या बाईचं वकीलपत्र माझ्याकडं होतं. अर्ज ढकलणारा रूळ नरहरपंतांचा होता, पण तिच्यासाठी बुक उघडायचं सोडून मी नुसती जीभ चालवली होती.

"कापलं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. ते विलीनीकरणापर्यंत त्या कोर्टात होते, मी रोज त्यांच्या टेबलासमोरून माडीवर जात होतो, आणि बाररूममधलं हसणं त्यांना जिन्यापाशी ऐकू येत होतं. तरी माझ्या बुकाबद्दल त्यांनी कधी कुणालाही सांगितलं नाही.