जैसे थे म्हणजे कवाचं?

वसमतच्या कोर्टात खुद्द न्यायाधीशांना मध्येच थांबवून "म्हंजे?" असं विचारणारी एकच बाई मी पाहिली. तिच्या बंजारा तांड्यावर तिला सगळे याडी म्हणत. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. बाररूममधली वकील मंडळी मात्र मुद्दाम 'येडी' म्हणून खो खो हसायची. सुरुवातीला मीही हसलो आहे, खोटं कशाला बोलू.

नव्वद सालच्या आसपास मी नवाकोरा वकील होतो. साध्या तारखेच्या अर्जातही दोन लॅटिन शब्द खुपसल्याशिवाय मला चैन पडत नसे. याडीच्या शेताकडं जाणारी गाडीवाट शेजाऱ्यानं काट्या लावून बंद केली होती आणि तिची हळद काढायला आली होती. वाट मोकळी करून मागणारा अर्ज तिला वाचून दाखवताना 'प्रायमा फेसी'वर तिनं मला अडवलं. मी म्हटलं, म्हणजे वरवर बघता. "मंग तसंच लिव्ह की," ती म्हणाली. "तुला मराठी येत न्हाई काय, लेकरा?" मला भयंकर राग आला.

कोर्टानं निकालापर्यंत 'स्टेटस को' ठेवायचा हुकूम दिला. त्याचा अर्थ तिनं विचारला, मी ऐटीत 'जैसे थे' सांगून मोकळा झालो. बाई खूश होऊन घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी काट्या उपटून तिनं हळदीची गाडी बाहेर काढली. शेजाऱ्यानं लगेच कोर्टाच्या अवमानाचा अर्ज टाकला. काट्याही आहेत तशाच राहू द्यायच्या, हे मी सांगितलंच नव्हतं. चूक माझी, आणि जेलात जायची पाळी तिच्यावर.

माफी मागा, विषय संपवू, असं न्यायाधीश म्हणाले. मीही हळूच तेच सांगितलं. ती जागची हलली नाही.

"सायब, जैसे थे म्हंजे कवाचं? काट्या लावल्यावरचं, का त्याच्या आधीचं? माझ्या सासऱ्यापासून तिथून गाडी जाती. मी तसंच केलं. माफी कशाची?"

मी उठलो. म्हणालो, बाई म्हणतात त्यालाही लॅटिन शब्द आहे, 'स्टेटस को अँटे', म्हणजे वाद सुरू व्हायच्या आधी होतं तसं. न्यायाधीशांनी बराच वेळ कागद चाळले. मग अवमानाचा अर्ज काढून टाकला आणि नवा हुकूम साध्या मराठीत लिहिला: निकालापर्यंत गाडीवाट मोकळी ठेवावी. याडीनं त्यांनाही विचारलंच, म्हंजे? "म्हणजे गाडी न्या, बाई," ते म्हणाले.

दावा पुढं दहा-बारा वर्षं चालला. निकाल तिच्या बाजूनं लागला, पण इंग्रजीत. तो मराठीत ऐकायला ती दोनदा बसनं वसमतला आली. दोन्ही वेळा मी घाईत होतो. जिंकलात की, आता आणखी काय पाहिजे, असं म्हणालो.

"काय लिवलंय ते पाहिजे," ती म्हणाली.

तिसऱ्यांदा ती आली नाही. तिचा मुलगा आला, डोकं भादरलेला.

तेव्हापासून माझा एकही पक्षकार निकाल शब्दन् शब्द मराठीत ऐकल्याशिवाय माझ्या टेबलावरून उठत नाही. पलीकडं दुसऱ्या दाव्याचा पुकारा होत असला तरी होऊ दे. बाररूममध्ये यावर अजून हसतात. खुशाल हसा.