चौदा इकडे, चौदा तिकडे

अर्धे कपडे दोरीवर आणि अर्धे बादलीत होते, तेव्हा माझी धाकटी जाऊ दारात येऊन उभी राहिली. जाऊ म्हणजे पूर्वीची. माझ्या धाकट्या दिरांशी तिचा घटस्फोट होऊन वर्ष झालं. नवरा-बायकोचं नातं कोर्टाने मोडलं, पण जावाजावांचं मोडायला अर्ज कुठे करायचा हे आम्हा दोघींनाही ठाऊक नाही, म्हणून ते तसंच चालू आहे.

तिच्या कडेवर शिलाई मशीन होतं. नुसतं वरचं. खालचा पाय मारायचा स्टँड आमच्याकडे.

त्याचं असं झालं. सामानाच्या वाटणीत दोघांना सारख्या वस्तू मिळाव्यात, एवढ्या एकाच गोष्टीवर दोन्ही वकिलांचं एकमत झालं. तिच्याकडे चौदा भरल्या, दिरांकडे बारा. कारकुनाने डोकं लढवून मशीनखालचा स्टँड वेगळा मोजला आणि दिरांना दिला. तरी एक कमीच. मग कुकरचं भांडंही दिरांना दिलं, झाकण तेवढं तिच्याकडे ठेवलं. चौदा-चौदा. न्याय इतका काटेकोर की तेव्हापासून आमच्याकडे वाटाणे ताटलीखाली शिजतात आणि तिच्या खोलीत झाकण खिळ्याला लटकतं.

त्याच आठवड्यात तिची आई गेली. मशीन मूळचं आईचं. डोळे अधू झाल्यावर आईने सुईत दोरा ओवायचं काम लेकीला दिलं होतं, शिवायचं मात्र शेवटपर्यंत दिलं नाही. ते ही नंतर एकटीने शिकली.

आता तिला पहिलं काम मिळालं होतं. दवाखान्यातल्या मोठ्या नर्सबाईंनी चाळीस अभ्रे शुक्रवारपर्यंत मागितले होते. वेळेत दिले तर वर्षभराचं शिवण तिचं. नाहीतर रविवारी भाऊ येऊन तिला घेऊन जाणार, म्हणजे जन्मभर भावजयीच्या स्वयंपाकघरात बाजूला सरकून उभं राहायचं. मशीन टेबलावर ठेवून एका हाताने चाक फिरवत तिने सोमवारभरात दोन अभ्रे शिवले होते.

मी म्हटलं, स्टँड घेऊन जा. ती म्हणाली, "तसं नको, ताई. कागदावर तो त्यांचा आहे. पण मशीनने स्टँडकडे यायचं नाही, असं कुठे लिहिलंय?"

पंचाईत वेगळीच होती. स्टँडवर फळी टाकून मी वर्षभर देव मांडले होते. मी हात जोडून देवाला विचारलं. त्याने नेहमीप्रमाणे ना हो म्हटलं ना नाही, म्हणून देव उचलून फ्रिजवर ठेवले. स्टँडला मशीन जोडलं, तर पट्टाच नाही. तो कोणाच्याच यादीत नव्हता, त्यामुळे गेला कुठे ते देव जाणे. शेवटी दिरांच्या जुन्या पायजम्याची नाडी ओढून काढली आणि चाकावरून बांधली. गाठ फिरून वर आली की टक वाजायचं.

मंगळवार, बुधवार ती दहाला यायची. सासूबाई अभ्रे उलटवायला बसायच्या आणि सुनेला बोलावं तसंच तिला बोलायच्या, की शिवण वाकडी आहे, मान वर कर, चहा निवला. ती निमूट ऐकून घ्यायची. मला वाटतं, तिला बरं वाटत असावं.

गुरुवारी चौतिसावा अभ्रा चालू असताना दीर लवकर घरी आले. दारातच थबकले.

"स्टँड माझा आहे," ते म्हणाले.

"पाय माझे आहेत," ती म्हणाली. पाय थांबले नाहीत.

टक वाजलं. दिरांनी वाकून पाहिलं. "ही नाडीसुद्धा माझी."

सासूबाई म्हणाल्या, "मग सोड आणि घाल."

दीर म्हणाले, नियम म्हणजे नियम, स्टँड वापरायचा हक्क आपलाच. ती लगेच उठली आणि खुर्ची पुढे केली. आता बसणं भाग होतं. त्यांनी पाय मारला तो उलटा. चाक मागे फिरलं, दोऱ्याचा गुंता झाला आणि अभ्रा सुईखाली अडकला. मागे-पुढे करता करता त्यांच्या बाहीचं टोकही आत गेलं. मला तर देवाकडे बघायची सोय राहिली नाही, ते फ्रिजवर होते.

तिने कात्री घेतली, बाही सोडवली, गुंता कापला. सुईत दोरा ओवताना क्षणभर थांबली, मग ओवला. दीर खुर्चीवरून उठले.

"झाकण दे आणि स्टँड घेऊन जा," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "वस्तूला वस्तू. चौदा-चौदाच राहतात." मग हळूच म्हणाले, "वाटाणे शिजत नाहीत गं."

तिने मान हलवली आणि पाय मारायला घेतला. संध्याकाळी चाळिसावा अभ्रा सासूबाईंनी उलटवला आणि शिवण सरळ आहे असं कबूल न करता घडी घालून वर ठेवला.

शुक्रवारी नर्सबाईंनी अभ्रे ताणून पाहिले आणि चादरींचं माप दिलं. भावाला निरोप गेला, येऊ नकोस. शनिवारी झाकण आलं, स्टँड गेला. देव अजून फ्रिजवरच आहेत आणि प्रत्येक वेळी दार उघडलं की मी क्षमा मागते.

नाडी तिने धुऊन, घडी करून परत पाठवली. उद्या सकाळी ती मशीनचा नवा पट्टा आणायला जाणार आहे.