मीच पास केलेलं घर

"इनको दर्द कब से है?" सर्जननी विचारलं.

आई सोनोग्राफीच्या खोलीबाहेर स्ट्रेचरवर डोळे मिटून पडली होती. मी म्हटलं, "आज सुबह पता चला."

"पता कब चला, वो नहीं पूछ रहा मैडम. है कब से?"

मग त्यांनीच समजावलं. आईला अक्यूट कोलेसिस्टायटिस झाला होता. म्हणजे पित्ताशयाच्या तोंडाशी खडा अडकतो, आतलं पित्त तुंबतं आणि पित्ताशय सुजतं. आईचं सुजून काळं पडायला लागलं होतं. "चार-पाँच दिन पुराना लगता है. इन्फेक्शन खून में जा रहा है." याला सेप्सिस म्हणतात. एका जागचा जंतुसंसर्ग रक्तातून सगळ्या अंगभर पसरतो आणि एकेक अवयव बंद पडायला लागतो. आई ब्याऐंशी वर्षांची. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आजच करावं लागेल, आणि या वयात भूल देणं हाच मोठा धोका आहे. संमतीच्या कागदावर मी सही केली.

चार-पाच दिवस आई दुखणं सोसत होती, आणि राहत होती ती मी स्वतः तपासून पास केलेल्या घरात. आपल्या माणसासाठी असं घर शोधायची वेळ ज्यांच्यावर येणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मुळापासून सांगते.

मी इथं जबलपुरात एका संरक्षण कारखान्यात तपासणी विभागात आहे. आलेला माल मोजायचा, ठोकून बघायचा, पास करायचा नाहीतर परत पाठवायचा. माझ्या पाठीमागे मला 'रिजेक्शनवाली मैडम' म्हणतात. मला ते ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही. लग्न केलं नाही. कांचघर भागातल्या घरात आम्ही दोघीच, आई आणि मी.

दोन वर्षांपूर्वी आईला अल्झायमर्स असल्याचं निदान झालं. यात मेंदूच्या पेशी झिजत जातात आणि आठवणी, वाटा, माणसं एकेक करून पुसली जातात. सुरुवातीला ती चहात मीठ घालायची, आम्ही हसायचो. मग एका दुपारी ती अनवाणी भर रस्त्यावर सापडली. भाजीवाल्यानं ओळखलं म्हणून घरी आली. पुढच्या महिन्यात गॅस उघडा राहिला. दिवसभर सांभाळायला ठेवलेल्या बाईनं हात टेकले. माझ्या नोकरीची तीन वर्षं बाकी होती. आईला होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, ठेवायचा विचार पहिल्यांदा मनात आला आणि मी घाबरले.

ठेवायचंच तर तपासून ठेवीन, असं मी ठरवलं. भीतीवर मला हे एकच औषध माहीत आहे.

महाराजपुरच्या होमला बाग सुंदर होती. पण पलंगाजवळच्या सहा घंट्या दाबून पाहिल्या, त्यातल्या चार मुक्या निघाल्या. न्हाणीघराला आतून कडी होती. आत कोणी पडलं तर दार फोडावं लागलं असतं. नापास. दुसरीकडे मागचं फाटक सताड उघडं होतं आणि बाहेर लगेच रस्ता. तेही नापास.

विजय नगरच्या होममध्ये मी चारदा गेले, त्यातल्या तीनदा न सांगता. न्हाणीघरातल्या आधाराच्या दांड्याला सगळा भार टाकून लोंबकळले. फरशीवर पाणी ओतून घसरतं का पाहिलं. आग विझवायच्या सिलिंडरवरची तारीख वाचली. चादरींचा वास घेतला. गोळ्यांचे डबे नावानिशी वेगळे होते, ते औषधांच्या वहीशी ताडून पाहिले. ऐन जेवणाच्या वेळी जाऊन वरण चाखलं. दर खोलीत कॅमेरा, आणि तो घरबसल्या मोबाइलवर दिसायची सोय. मॅनेजरबाई म्हणाल्या, "मैडम, इतना तो जाँच वाले भी नहीं देखते." मी अभिमानानं फुगले.

फॉर्म भरताना त्यांनी शेवटी विचारलं, "माताजी हिंदी तो बोल लेती हैं न?"

मला रागच आला. "पचास साल से जबलपुर में हैं," मी म्हटलं. "हिंदी क्यों नहीं बोलेंगी?"

त्यांनी चौकटीत खूण केली आणि मी खाली सही केली. एवढी मोठी तपासणी केली, आणि हे एकच कलम न तपासता पास केलं.

आईला सोडायला गेले तेव्हा तिनं माझा पदर सोडला नाही. "काहून आणलं गं मला इथं? चल न घरी." तिथं म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या सावित्री दीदी पुढं आल्या. पंचेचाळिशीच्या असतील, जवळच्या मंडला जिल्ह्यातल्या. त्यांनी आईचा हात हळूच स्वतःच्या हातात घेतला आणि मला डोळ्यांनीच जायला सांगितलं.

मॅनेजरबाईंनी बजावलं होतं, पहिले आठ दिवस भेटायला यायचं नाही, रुळायला वेळ द्या. बहुतेक होममध्ये असंच सांगतात. मी नियमाची बाई, मानलं. रोज दर तासाला मोबाइलवर आईला बघायचे. चित्र स्वच्छ होतं, पण आवाज नव्हता. आईचे ओठ सारखे हलताना दिसायचे. हात उजव्या बरगडीखाली जायचा. आई पूर्वी कमरेला किल्ल्या खोचायची, मला वाटलं त्याच चाचपून राहिली.

तिसऱ्या दिवशी सावित्री दीदींचा फोन आला. "दीदी, खाना कम ले रही हैं. दिन भर आप ही को पूछती हैं. कल आते, कल आते, बस यही. हम बोल देते हैं, हाँ माताजी, कल आएगी बिटिया."

मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. पण गेले नाही. चौथ्या दिवशी तेच, पाचव्या दिवशीही तेच. "आज तो बहुत कल-कल किया." आई माझी वाट पाहते आहे, या विचारानं माझं काळीज तुटत होतं, आणि त्यातच कुठंतरी बरंही वाटत होतं. निदान मला विसरली तरी नाही. आता याची लाज वाटते.

सहाव्या दिवशी सकाळी कॅमेऱ्यात आई भिंतीकडे तोंड करून पाय पोटाशी घेऊन पडलेली दिसली. चहा तसाच होता. कारखान्यातून रजा घेतली आणि नियम गेला चुलीत म्हणत अकरा वाजता होममध्ये पोचले.

व्हरांड्यातूनच आईचा आवाज ऐकू आला. बारीक, थकलेला.

"कळ येते गं बाई... कळ येते."

आणि लगेच सावित्री दीदींचा मायेचा आवाज, "हाँ माताजी, कल आएगी. पक्का आएगी."

हिंदीत ळ नाही. आईची पोटातली कळ त्यांच्या कानात शिरताना उद्याचा दिवस होऊन शिरत होती. पाच दिवस आई सांगत होती की मला दुखतं आहे, आणि पाच दिवस तिला सांगितलं जात होतं, उद्या.

कपाळाला हात लावला तर अंग भाजत होतं. आईनं माझ्याकडे पाहिलं, ओळखलं की नाही कोण जाणे. "लई कळ येऊन राहिली," एवढंच म्हणाली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी उजव्या बरगडीखाली बोटं दाबून श्वास घ्यायला सांगितलं, तेव्हा तिचा श्वास अर्ध्यावरच अडकला. त्या खुणेवरूनच त्यांना शंका आली आणि सोनोग्राफीत ती खरी ठरली.

ऑपरेशन अडीच तास चाललं. थिएटरबाहेर लोखंडी खुर्च्यांची रांग होती आणि दर वेळी दार उघडलं की सगळेच अर्धे उठायचे. मीही उठायचे. मला भीती आई जाण्याची होतीच. पण त्याहून मोठी भीती ही होती, की ती 'कुणी ऐकत नाही' असं मनात घेऊन जाईल. देवाशी माझं फारसं नाही, पण त्या दिवशी मी त्याच्याशी काही बोलले. ते इथं लिहीत नाही.

आई वाचली. दोन दिवस आयसीयूत होती. तिसऱ्या दिवशी तिला डिलीरियम झालं. मोठ्या आजारानं किंवा भुलीनं माणूस अचानक भ्रमिष्टासारखा वागतो, त्याला हे नाव आहे. ती नळ्या उपसायची, मला चोर म्हणायची. डॉक्टर म्हणाले, "घबराइए मत, उतर जाएगा." चार दिवसांनी खरंच उतरलं. त्या चार दिवसांत मी किती घाबरले ते माझं मला माहीत.

नर्स येऊन विचारायची, "अम्मा, दर्द है?" आई नुसती बघत राहायची. मी विचारलं, "आई, दुखतं का?" की मान हलवायची. मेंदूच्या डॉक्टरांना हे सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. "जो भाषा बाद में सीखी, अक्सर वही पहले जाती है." पन्नास वर्षं या गावात भाव करून, भांडून, शेजारणींशी गप्पा मारून कमावलेली आईची हिंदी केव्हाच निघून गेली होती. आमच्या घरात मराठीच, सांभाळायला ठेवलेली बाईही मराठीच, म्हणून ती गेल्याचं मला समजलं नाही.

सावित्री दीदी ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटलात आल्या होत्या. बाकावर बसून पदरानं डोळे पुसत राहिल्या. "मैं तो समझी आपको याद कर रही हैं. मैंने तो पुचकारा, दीदी." त्या खोटं बोलत नव्हत्या. पाच दिवस त्यांनी आईचा हात सोडला नव्हता. मॅनेजरबाई मला खूश करायला म्हणाल्या की हिला काढून टाकतो. मी म्हटलं, हिला काढलंत तर आईला मी परत आणणार नाही. शहरातल्या सगळ्या होममध्ये 'कळ' म्हणजे काय हे कळलेली ही एकच दीदी आहे, तिला कशी सोडू?

होय, आईला मी त्याच होममध्ये परत ठेवलं. लोकांनी नावं ठेवली. पण दांडा अजून घट्ट होता, वरण चांगलं होतं, आणि चूक माझ्या सहीखाली होती. या वेळी मी पलंगाशेजारी तीस शब्दांची यादी चिकटवली. कळ, आग, मळमळ, चक्कर, लागली, नको. पुढं हिंदी अर्थ. सावित्री दीदींना ळ म्हणता येत नाही. म्हणताना त्यांची जीभ वळता वळत नाही आणि आई खुदकन हसते. पण ऐकू येतो. गेल्या महिन्यात त्यांनी फोन केला, "दीदी, माताजी वो लिस्ट वाला मलमल बोल रही हैं, डॉक्टर को बुला लिया है." साधं अपचन होतं. मी फोन ठेवून बराच वेळ हात जोडून बसले.

तुम्ही होम बघायला जाल तेव्हा दांडे ओढा, घंट्या वाजवा, सगळं करा. पण मग एक तास काही न तपासता बसा आणि ऐका. कोण काय म्हणतं आहे आणि त्याला काय उत्तर मिळतं आहे, एवढंच. आणि 'आठ दिवस येऊ नका' म्हणाले तर म्हणू द्या. जा.

भीती माझी गेलेली नाही, तिनं फक्त जागा बदलली. परवा कारखान्यात कपाटाच्या खणात बोट चेमटलं. दिवसभर मी हिंदीच बोलते, मला स्वप्नंही हिंदीत पडतात. पण तोंडातून निघालं, "आई गं, कळ गेली डोक्यात." शेजारची मुलगी धावत आली. "क्या चला गया मैडम?"

ती हसली, मीही हसले. घरी येऊन आईची तीस शब्दांची यादी नव्या कागदावर पुन्हा लिहून काढली, आणि वर नाव माझं घातलं.