हेलियमवरची दुपार

"नळी बोटभर रुंद हवी. तुमची बोरूच्या टोकाएवढी उरली आहे," एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून डॉक्टर म्हणाले. थायरॉइड, म्हणजे गळ्यातली ग्रंथी, वाढून ट्रॅकियाला, म्हणजे श्वासनळीला, दाबत होती.

मी भोरचा वार्ताहर. शर्टाचे वरचे बटण लागेना, तेव्हा कापड आटले म्हणून दोष धोब्याला दिला होता. मग भाटघरच्या रस्त्यावर सायकल चालवताना श्वासाला शीळ येऊ लागली. पुण्याच्या इस्पितळात आलो, तोवर आडवे होणे बंद झाले होते. भिंतीला टेकून डुलकी, पुन्हा जाग, पुन्हा खिडकीपर्यंत फेरी.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी काही लपवले नाही. "भूल देताना नळी मिटली, तर मेंदू प्राणवायूशिवाय चार-पाच मिनिटंच तग धरतो. म्हणून हेलियम. हलका वायू. त्यात प्राणवायू मिसळला, की अरुंद नळीतूनही आत जातो. भुलीचं औषध वेगळं. याच कुळातल्या झेनॉननं परदेशात माणसाला भूल दिल्याचं वाचलंय. आपल्याकडे तो नाही."

हेलियमचा एकच सिलिंडर मुंबईहून आला होता.

शस्त्रक्रिया तीनला होती. बाराला श्वास अडकू लागला आणि हेलियमचा मास्क चढला. त्याच सुमारास वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाडीवरून, मेंढरे भावाकडे सोपवून, आई पोचली. तिने माझ्या कपाळाला भंडारा लावला.

"बरं वाटतंया का?"

"वाटतंय," मी म्हणालो. आवाज करडाच्या ओरडण्यासारखा चिरका निघाला.

आईचा हात थांबला. "ह्यो माझा लेक न्हाई बोलत. कोन हाईस? नाव सांग."

आमच्या वाडीत अंगात आलेल्याला असेच विचारतात. मला उत्तर देता येण्याआधी तिने मास्क ओढून काढला.

खिडकीच्या कडा काळ्या झाल्या. नर्स धावली, डॉक्टरांनी मास्क पुन्हा दाबून बसवला. "ह्यांना बाहेर न्या," नर्स म्हणाली.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी सिलिंडरचा काटा पाहिला. मी सावरल्यावर त्यांनी दोन श्वासांपुरता मास्क आईच्या तोंडावर धरला. "आता बोला, आई."

"म्या यशवंताची आई हाय," आई म्हणाली. तोच चिरका आवाज. नर्सने तोंडाला पदर लावला.

"आगं बया." आईने मास्क स्वतःच माझ्या तोंडावर ठेवला. "काटा खाली आला का?"

"थोडा."

"मंग आता कुनाला चाखाया दिऊ नगा."

तीन वाजेपर्यंत ती स्टुलावर बसली नाही. हात अवघडला, की दुसरा हात लावी. बोटांना हळदीचा आणि मेंढरांचा वास होता. शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराशी तिने मास्क डॉक्टरांच्या हाती दिला. "धरा. सोडू नगा."

शुद्धीवर आलो, तेव्हा घसा खरवडल्यासारखा होता. पाणी मागितले. "ह्यो हाय माझा लेक," आई नर्सला म्हणाली.

ज्यांना हा वायू लागेल, त्यांनी आवाज बदलतो हे घरच्यांना आधीच सांगावे. मला कोणी सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते.

महिन्याने मी इस्पितळावर बातमी दिली. तीत वायूचे नाव होते, डॉक्टरांचे कौशल्य होते. मास्क तीन वाजेपर्यंत कोणी धरला, ते राहून गेले. ती दुरुस्ती येथे करतो: आईने.