आमच्या धानाची न वाकणारी मुळं

"सून गरीब हाये बाई, कामाचीबी हाये. पण तिच्या मागं रोज एक काम मलेच नीट करा लागते. सांगू कशी? नवीन हाये."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. सासूबाई कुंपणापलीकडच्या सुलोचनाकाकूंशी बोलत होत्या. मी रेल्वेचा पास विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले होते. पास उचलला, चपला न वाजवता बाहेर पडले, आणि माझी फजिती तिथूनच सुरू झाली. तुम्ही चहा घ्या, निवतोय. मी सांगते सगळं. तसंही आमच्या लॅबमध्ये हल्ली कुणाचं काही चुकलं की उदाहरण माझंच देतात, तेव्हा लपवून फायदा काय?

तर माहेर माझं अर्जुनी मोरगावकडचं, सासर तिरोड्याच्या अलीकडचं, रुळाला लागूनच. पीएचडी गोंदियाला. आणि पीएचडीचा विषय काय, तर मुळं. म्हणजे बघा, बी कसंही पडू दे, उलटं, आडवं, डोक्यावर, त्याचं मूळ खाली जातं आणि कोंब वर येतो. अंधारातसुद्धा. त्याला खालची बाजू कळते कशी? मुळाच्या टोकात पिठाचे बारीक कण असतात, ते तळाशी बसतात, त्यावरून मूळ ओळखतं. रोप आडवं केलं की मूळ वळतं आणि परत खाली निघतं. ते किती वळतं, कोणत्या वाणाचं लवकर वळतं, हे मोजायचं. एवढंच माझं काम.

हे मी घरी पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा मामाजी, म्हणजे माझे सासरे, भाताचा घास हातात धरून थांबले. म्हणाले, "धान उगवाले पीएचडी कायले लागते? आमचा धान तं पोत्यात भिजला तरी उगवते."

मी वरण वाढलं.

आता ते कुंपणाजवळचं वाक्य ऐकायच्या थोडे दिवस आधी लॅबच्या अंधाऱ्या खोलीत वायरिंगचं काम निघालं. माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, थोडं काम घरी कर, पण कर. लग्न झालं की मुलींचा विषय धूळ खात पडतो हे मी खूप बघितलंय, या हंगामात काही दिसलं नाही तर तुझा विषय मी दुसऱ्याला देईन. मॅडम वाईट नाहीत. पण बोलल्या तर करतात.

मग मी सासूबाईंना एक झाकणाचा डबा मागितला, आत उजेड न जाणारा. त्यांनी माळ्यावरून स्वतःच्या लग्नातला मिठाईचा जुना पत्र्याचा डबा काढून दिला. चांगला मोठा, घट्ट झाकणाचा. त्याच्या एका बाजूला कमळात उभी लक्ष्मी होती, रंग थोडा उडालेला. मला त्या डब्यात फक्त अंधार दिसला.

मामाजींचं घरचं बियाणं घेतलं, कित्येक वर्षं त्यांनी जपलेलं. काचेच्या बशांत जेली ओतून त्यात बी रुजवलं. बशा डब्यात उभ्या लावल्या आणि डबा मागच्या खोलीत धानाच्या पोत्यांजवळ ठेवला. मुळं सरळ खाली उतरली की सकाळी डबा आडवा करायचा, गोंदियाची गाडी पकडायची, संध्याकाळी येऊन डबा उघडायचा आणि फोटो काढायचा. सोपं.

पण चारच दिवसांत ते वाक्य कानावर पडलं आणि डोक्यातच बसलं. रोज एक काम नीट करा लागते. कोणतं?

मी पहिल्यांदा गाद्या बघितल्या. चादरींच्या अशा घड्या घालायला लागले की दुकानात ठेवाव्यात. मग वाटलं, तवा. तवा दोनदा घासला. मग वाटलं पीठ जास्त मळते, मग वाटलं चुलीजवळची जागा पुसत नाही, मग दारातल्या सगळ्यांच्या चपला जोडीनं लावल्या, तर मामाजी त्यांच्या जागेवर नसलेल्या चपला शोधत अंगणभर फिरले. रांगोळी पुसून परत काढली. सासूबाई माझ्याकडे बघत आणि काही बोलत नसत. मीही बोलत नसे. दोन मुक्या बाया एकमेकींच्या मागे घर आवरत होतो.

नवऱ्याला विचारलं. तो पॉवर प्लांटमध्ये रात्रपाळीला, दिवसा डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपणारा. टॉवेलखालून म्हणाला, आईला विचार ना. तेवढं मला जमत असतं तर काय हवं होतं!

आणि तिकडे डब्यात चमत्कार.

लॅबमध्ये वायरिंग निघायच्या आधी तीच जेली, त्याच बशा, लॅबचं बियाणं, आणि मुळं चहाच्या वेळेपर्यंत वाकलेली. घरी संध्याकाळी डबा उघडला तर मुळं आडवीच! पट्टीनं रेघ मारावी तशी. खाली वळायचं नावच नाही. मला वाटलं बी मेलं असेल. पण मुळं वाढली होती, छान लांब झाली होती. फक्त वाकली नव्हती. दुसऱ्या दिवशी नवीन बशा, तेच. तिसऱ्यांदा, तेच. डब्यावर मी बाण काढून ठेवला होता, तो सकाळी जसा आडवा ठेवला तसाच संध्याकाळी आडवा.

मॅडमला फोटो पाठवले. लगेच फोन आला. मॅडमचा आवाज मी कधी एवढा हलका ऐकला नव्हता. खालची बाजूच न कळणारा धान! असा वाण सापडणं म्हणजे काय, हे त्या मला समजावत होत्या आणि मी पोत्यांवर बसून फोनवरच मान डोलवत होते. परिषदेला पाठवू, म्हणाल्या. आधी स्वतः येऊन बघते.

आता मला सांगा, याच धानाला खाली-वर कळत नसेल तर तो इतक्या पिढ्या मामाजींच्या बांधीत, शेतातल्या चिखलात, उभा कसा राहिला? शाळेतल्या पोराला पडला असता हा प्रश्न. मला पडला नाही. मॅडमला पडला नाही. आम्ही आनंदात होतो.

त्या रात्री जेवताना मी मामाजींना सांगितलं. लग्नानंतरचं माझं सगळ्यात लांब बोलणं ते. त्यांनी सगळं ऐकलं, हात धुतले, टोपी घातली आणि बाहेर गेले. सकाळपर्यंत राइस मिलपासून पानठेल्यापर्यंत बातमी गेली की यांचा धान धरतीचं ऐकत नाही. लोक बियाणं मागायला आले. एकानं विचारलं, मग याची रोवणी कशी कराची, झाडाले टांगून? मामाजींनी त्याला चहा पाजला नाही.

"पीएचडीवाली सून हाये माझी," ते म्हणायचे. पूर्वी हेच म्हणायचे, पण तेव्हा सूर वेगळा असायचा.

रविवारी मॅडम आल्या. मी सकाळी डबा आडवा केला आणि मग दिवसभर वडे तळत राहिले, कारण मामाजींनी मॅडमबरोबर अर्धी गल्लीच जेवायला बोलावली होती. जेवणं झाली. मामाजी पुढे, मॅडम मागे, त्यांच्या मागे मी, सुलोचनाकाकू आणि बाकीचे, अशी वरात मागच्या खोलीत निघाली. मामाजींनी दार उघडलं.

डबा उभा होता.

नुसता उभा नाही. लक्ष्मीच्या कपाळी हळदकुंकू, डब्यावर ताजं जास्वंद, समोर उदबत्ती. परिषदेला जाणारा माझा शोध धुरात बसला होता.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हा डबा उभा कुणी केला?"

मग सासूबाई पदर सावरत पुढे आल्या. "मी करतो जी, रोजच. तिले कामाचा डबा हाये, पण देवी दिवसभर अशी आडवी पडून राहील तं बरं दिसते का? म्हणून ती गेली की उभी करतो. अन् गाडीचा भोंगा वाजला की तिनं ठेवली तशी आडवी करून ठेवतो, तिले वाईट वाटाले नको. आज पाहुणे येणार म्हणून देवीले हळदकुंकूबी लावलं, अन् त्या गडबडीत आडवी कराले वेळच नाही भेटला."

म्हणजे माझी मुळं दिवसभर सरळ उभी राहून खालीच वाढत होती, मन लावून, नियमानं. मी यायच्या जरा आधी त्यांना आडवं पाडलं जात होतं आणि मी येऊन त्याचा फोटो काढून मॅडमला पाठवत होते. आणि सासूबाईंचं ते रोज नीट करायचं काम हेच! ज्याच्यासाठी मी तवे घासले!

मागून कुणीतरी हसलं. मामाजींची मान लाल झाली. ते सासूबाईंकडे वळले. "तुले कोणं सांगतलं हात लावाले? लोकायले काय तोंड दाखवू मी आता?"

सासूबाई उदबत्तीकडे बघत राहिल्या. मॅडम माझ्याकडे. त्या नजरेत माझा विषय होता, आणि तो दुसऱ्याला दिल्यावर लॅबमधली माझी रिकामी खुर्चीही मला दिसली. गप्प राहिले असते तर खापर सासूबाईंवर फुटलं असतं. घरातल्यांमुळे प्रयोग बिघडला, बिचारी काय करणार, असं म्हणून मॅडमनी मला सांभाळूनही घेतलं असतं. गप्प राहणं मला जमतंही उत्तम.

पण डब्यावर लक्ष्मी आहे हे मला कधी दिसलंच नव्हतं, आणि सासूबाईंना एक शब्द विचारणंही मला जमलं नव्हतं. मी वड्यांच्या पिठाचे हात पदराला पुसले आणि सगळ्यांसमोर, लग्नानंतर पहिल्यांदाच मोठ्यानं, म्हणाले,

"मामाजी, आईले काही म्हणू नका. मॅडम, या घरात धानाले खालची बाजू बरोबर समजते, अन् आईले वरची. दोन्ही न समजणारी घरात मी एकटीच, अन् पीएचडी मीच करून राहिली."