ट्रॅमच्या घोड्याचा नाल

जमील नालबंदाला सहसा किळस यायची नाही. बावन्न वर्षं त्याने जनावरांचे पाय उचलून मांडीवर घेतले. कुजलेल्या खुरातला काळा पू त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, तापलेला नाल खुराला टेकवताना निघणारा जळक्या केसांच्या वासाचा धूर त्याने रोज गिळला, आणि तेच हात कधी धुऊन, कधी नुसते पुसून तो जेवायला बसला. बैल अंगावर मुतला तर तो हसायचा. एका वरातीच्या घोड्याने लाथ मारून उजव्या हाताची करंगळी मोडली, ती वाकडीच राहिली, पण त्या घोड्याबद्दलही तो कधी वाईट बोलला नाही. अशा माणसाला गेल्या हिवाळ्यात, भर सकाळी, चांगल्या कपड्यांतल्या माणसांच्या गर्दीत शिसारी आली.

जमील जुन्या नाशकातला. वय सदुसष्ट. बाप नालबंद, आजा नालबंद. आता शहरात घोडे उरलेत किती? जे आहेत ते नवरदेवाला पाठीवर घेऊन डीजेपुढे थरथरत उभे असतात. त्यामुळे जमील स्कूटरवर पेटी बांधून खेड्यापाड्यांत बैलांना पत्र्या मारत हिंडतो आणि लग्नसराईत घोड्यांच्या मालकांचे फोन घेतो. घरात तो आणि बायको नसीम, दोघंच. मुलगी अफिफा मालेगावला दिली आहे.

या घराला मिरवायला एकच गोष्ट होती. जमीलचे परदादा, म्हणजे पणजोबा, ट्रॅमच्या घोड्यांना नाल ठोकायचे.

नाशकात ट्रॅम होती हे अर्ध्या नाशिकला माहीत नाही, आणि उरलेल्या अर्ध्यांना सांगितलं तर त्यांना मुंबईची आठवते. इंग्रजांच्या काळात मोठी रेल्वे गावापासून लांबून, नाशिकरोडवरून गेली. मग एका खाजगी कंपनीने गाव ते स्टेशन असे स्वतःचे छोटे रूळ टाकले. दोन रुळांत अंतर अडीच फूट, वर दोन डबे, पुढे चार घोडे. मोठी रेल्वे जिथे फिरकायची नाही तिथे असले अरुंद रूळ टाकणारे धंदेवाले तेव्हा देशभर होते. कुणी कापूस ओढला, कुणी यात्रेकरू. नाशकाच्या ट्रॅमने यात्रेकरू ओढले, वकील ओढले, पेट्या-वळकट्या ओढल्या. ओढल्या म्हणजे घोड्यांनी. पुढे प्लेग आला, दुष्काळ आला, मोटारी आल्या, कंपनी तोट्यात गेली आणि रूळ उखडले गेले. साहेबांची नावं कागदात राहिली. घोड्यांची नावं लिहून ठेवायला कुणाला फुरसत होती?

जमीलच्या घरी मात्र त्यातल्या एका घोड्याचा नाल होता. बिस्किटाच्या डब्यात, फडक्यात गुंडाळलेला. दर ईदेला त्याला तेल लागायचं. हा नाल साधा नव्हता. त्याच्या मागच्या दोन टोकांना उभ्या खुंट्या होत्या, रुळांखालच्या ओल्या लाकडी स्लीपरवर पाय रोवायला. तो का जपला याची घरात एक हकिगत होती. एका श्रावणात खुंट्यांचे नाल संपले म्हणून परदादांनी एका घोड्याला सपाट नाल ठोकले. दुसऱ्याच दिवशी उतारावर घोड्याचा पाय सटकला आणि मोडला. डब्यातल्या लोकांना मुंबईची मेल गाठायची होती. ते उतरले, पडलेल्या घोड्याला ओलांडून, चिखल उडतो म्हणून धोतरं वर धरून पुढे गेले. परदादा घोड्याचं डोकं मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत तिथेच बसले होते. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक नालबंदाला पहिल्या दिवशी हा खुंट्यांचा नाल दाखवून हेच शिकवलं जायचं, की निसरड्यावर सपाट लोखंड घालून जनावर उतरवायचं नाही.

आणि नेमकी तीच चूक जमीलच्या हातून झाली.

झालं असं, की एका उत्सव समितीने नाशकाची ट्रॅम एक दिवस पुन्हा चालवायचं ठरवलं. ट्रॅम फायबरची, खाली टेम्पोची चाकं, आणि ओढायला मखमलाबादच्या खंडेरावच्या दोन पांढऱ्या घोड्या, चांदणी आणि मोहरा. खंडेरावचं घर या दोघींच्या पायांवर चालायचं. सगळा कार्यक्रम प्रतिभा मॅडम नावाच्या तिशीतल्या बाई बघत होत्या.

त्यांचा फोन आला. "काका, घोड्यांना नवीन चकचकीत नाल हवेत. टापांचा आवाज छान आला पाहिजे."

"रस्ता कसला आहे?" जमीलने विचारलं.

"आपला नेहमीचाच हो."

एरवी जमील स्वतः रस्ता बघून आला असता. पण त्या दिवशी त्याचे पाय जमिनीवर नव्हते. त्याने डबा काढला, जुना नाल पुसला, इस्त्रीचा शर्ट घातला. नसीम म्हणाली, "इतने खुश तो अफिफा की शादी में भी नहीं थे."

समितीच्या ऑफिसात त्याला अर्धा तास बसवलं. मग एकाने मोबाईल रोखला आणि म्हणाला, "काका, तो नाल कानाला लावा ना, फोनसारखा. आणि म्हणा, हॅलो, ट्रॅम आली का?" सगळे हसत होते. जमीलने लावला. म्हटलंही. दोन दिवसांत तो व्हिडिओ गावभर फिरला, खाली लिहिलेलं, 'ट्रॅमचे शेवटचे साक्षीदार'. ट्रॅम बंद पडली तेव्हा जमीलचा बापसुद्धा रांगत होता. प्रतिभा मॅडमनी तो नाल पाहुण्यांना भेट द्यायला मागितला, मखमलीची पेटीही आणून ठेवली होती. जमील एवढंच म्हणाला, "घरातला आहे, देता येणार नाही." पण कानाला लागलेलं ते लोखंड त्याच्या मनातून जाईना. कुणी जबरदस्ती केली नव्हती, आपणच हसत लावलं, याची त्याला लाज वाटत होती.

तरी काम त्याने मन लावून केलं. आठ नाल, आरशासारखे. सपाट.

कार्यक्रमाच्या सकाळी तो जुना नाल खिशात घालून बघायला गेला आणि जागीच थबकला. ट्रॅमला धुराडं होतं. चांगलं हातभर उंच, लाल रंगाचं, त्यातून कसलासा गोड वासाचा धूर. पाटीवर लिहिलेलं, 'नाशिकची लाडकी झुकझुक'. रूळ म्हणजे जमिनीवर मारलेले दोन पिवळे पट्टे, त्यांच्यामधून ट्रक गेला असता. एवढं सगळं त्याने गिळलं असतं. पण ते पट्टे नदीकडच्या उतारावरून खाली जात होते, उतारावर नवी गुळगुळीत फरशी होती, आणि फोटोत चमकावी म्हणून टँकर लावून ती नुकतीच धुतली होती.

खंडेराव घोड्यांना जुंपत होता. जमीलने चांदणीचा लगाम धरून तिला दोन पावलं फरशीवर आणलं. पुढचा डावा पाय लोण्यावरून सुरी जावी तसा सरकला. घोडीचे कान मागे पडले.

"खंडेराव, नाल काढावे लागतील. आठही."

"जमीलभाई, आता? परवाच तर मारले. धा मिन्टांचं काम हाय, हळू नेतो ना मी."

"मागे ट्रॅमचं वजन आहे. उतारावर ती ढकलणार. ब्रेक आहे?"

"चार मान्सं मागून धरणार हायेत."

प्रतिभा मॅडम धावत आल्या. "काका, नाल काढले तर आवाज कसा येणार? सगळं त्या आवाजावर आहे. आणि पाहुणे निघालेत."

"मॅडम, ओल्या फरशीवर उघडा खूर धरतो. लोखंड धरत नाही. घोडी पडेल."

"इन्शुरन्स आहे," त्या म्हणाल्या, आणि वाईट मनाने नाही म्हणाल्या. खरंच त्यांना वाटलं की याने त्याचं समाधान होईल.

तेव्हा जमीलला शिसारी आली. शंभर वर्षांत धोतरं जाऊन पँटी आल्या, बाकी लोक तेच. घोडा पडला तर ओलांडून जायला तयार. त्यात पुन्हा हे आठ नाल आपल्याच हातचे, या विचाराने त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

तो खंडेरावकडे वळला. "परदादांनी सपाट नाल मारले होते. मी पण मारले. रस्ता बघायला नाही आलो, माझी चूक. पडली तर तू मला काही बोलणार नाहीस, मला माहीत आहे. पण मी पुन्हा हातोडा उचलणार नाही."

खंडेरावने फरशीवर पाय घासून पाहिला. मग तो वाकला, चांदणीचा पाय उचलला आणि स्वतःच्या मांडीवर घेतला. "काढ," तो म्हणाला. "लय नको बोलू."

पाहुणे अर्थातच उशिरा आले, म्हणून आठही निघाले. ट्रॅम उतारावरून खाली आली. एकदा मागची माणसं घसरली आणि डबा घोड्यांच्या अंगावर गेला, पण चांदणीने उघडे खूर रोवले आणि मोहराला सावरून धरलं. दोघी पायऱ्या उतराव्यात तसा एकेक पाय ठेवत खाली उतरल्या. आवाज काहीच आला नाही. मग कुणीतरी स्पीकर लावला. त्यातून टापा वाजल्या, पाठोपाठ इंजिनाची शिट्टी आणि झुकझुक. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मांडवामागे जमील नाल गोळा करत होता. सातच भरले. आठवा कुठे दिसेना. तेवढ्यात माईकवरून ऐकू आलं, "शंभर वर्षांपूर्वी ट्रॅम ओढणाऱ्या घोड्याचा हा अस्सल नाल..." जमीलने डोकावून पाहिलं, मखमलीच्या पेटीत त्याचाच आठवा नाल चमकत होता. पाहुण्यांनी उचलून कपाळाला लावला. त्याच्या खाचेत चांदणीचं सकाळचं शेण होतं.

जमीलने खिशातला नाल चाचपला. स्टेजवर जाऊन दाखवता आला असता. मग त्यांनी तोही हातात घेतला असता, आणि कुणीतरी म्हणालं असतं, काका, कानाला लावा. तो मागे फिरला.

खंडेराव घोड्या सोडून उभा होता. दुसऱ्या दिवशी सातपूरला वरात होती, आणि मखमलाबादपर्यंत सगळी खडी आणि डांबर. जमीलने पुन्हा पेटी उघडली. दोन दिवसांत खुरांना दुसऱ्यांदा भोकं पडणार, म्हणून त्याने खिळे कमी आणि नव्या जागी मारले. सात पाय झाले. चांदणीचा पुढचा डावा राहिला.

घर दहा मिनिटांवर होतं. तिथून दुसरा नाल आणता आला असता. जमीलने खिशातला काढला आणि खुराला लावून पाहिला. चांदणी लहान चणीची, मापात फारसा फरक नव्हता. डांबरावर एकाच पायाला खुंट्या चालणार नाहीत, पाय वाकडा पडेल. त्याने कानस घेतली आणि दोन्ही खुंट्या घासायला सुरुवात केली. तांबडा भुगा त्याच्या चपलेवर पडत राहिला.

"जमीलभाई," खंडेराव हळू आवाजात म्हणाला, "ह्यो तर तुमचा घरचा..."

"पाय धर."

चार खिळे मारले. चांदणीने पाय खाली ठेवला, एकदा आपटून पाहिला आणि त्यावर भार दिला. दोघी रस्त्याला लागल्या. चांदणीच्या तीन पायांचा आवाज सारखा येत होता, चौथ्याचा जरा जड. तो वळणापलीकडे जाईपर्यंत जमील उभा राहिला.

घरी नसीमने बिस्किटाचा डबा पुढे केला. जमीलने हात लावला नाही.

"नाल कहाँ गया?"

"काम पे गया," तो म्हणाला, आणि हात नुसते पुसून जेवायला बसला.