मामांची पिकदाणी आणि माझे सहा तीर

मुदखेडच्या पिकदाणीमामांना ओळखायला डोळे लागत नसत, नाक पुरे. तंबाखू-काथाचा असा दर्प, की वारा फिरला तर विष्णुपुरीच्या धरणातले मासे तोंड फिरवत. त्यांची पितळी पिकदाणी आतून काळपट-लाल पुटं चढून निम्मी बुजली होती. आठवलं तरी अजून मळमळतं.

आणि हेच ओंगळ भांडं आम्हा तिरंदाजांचं दैवत! मामा प्रत्येकाच्या कमठ्याला, म्हणजे धनुष्याला, बांबूचे तीर जुळवून देत. दोन विटांवर तीर आडवा ठेवायचा, मधोमध रिकामी पिकदाणी टांगायची. टांगायचं काम आमचं. तीर किती लवला ते मामा बोटांनी चाचपत, कारण डोळ्यांत मोतीबिंदू. माझ्या कमठ्याला दोन बोटं लवणारा तीर लागे. "लई ताठ असला तर डावीकडं मरतो, लई मऊ असला तर उजवीकडं," एवढं सांगताना माझ्या सदऱ्यावर नक्षी उमटे. दुकानातला तीर दिसला की म्हणत, "थू! ह्यानं कान कोर."

लातूरला निवड चाचणी होती. तीन वर्षं मी तिच्यासाठी खपलो होतो. आदल्या दिवशी नवे तीर जुळवायला गेलो, तर मामा बाहेर आणि पिकदाणीवर माशांची जत्रा. किळस अनावर झाली. चिंच-राखेनं दोन तास घासली. चार थर निघाले. पाचव्यात बहुधा निजामाचं राज्य होतं. मामा आले, मी पिकदाणी टांगली, त्यांनी तीर किती लवतात ते चाचपून सहा निवडले. मी तशीच लातूरची एसटी धरली.

सहाही तीर उजवीकडे गेले, जणू तिकडं लग्नाच्या पंगती बसल्या होत्या. यादीत माझं नाव नव्हतं.

परत येऊन सांगितलं, तर मामांनी आधी पिकदाणी हातात तोलली.

"कुनी घासली रे ही?"

"मी. घाण वाटत होती, मामा."

"घान? लेका, तीस वर्सं थुंकून वजनाला आनली होती! हलक्या वजनाला दोन बोटं लवनारा तीर मऊच निघनार की!"

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मामांनी दुसऱ्या दिवसापासून पानं दुप्पट केली. "वजन भरून काढून राहिलो, तुझ्या पुढच्या तिरांसाठी," म्हणाले. मी त्यांना अडवलं नाही, हे त्या भांड्याहून ओंगळ.

पुढं तंबाखूनं त्यांचं तोंड उघडेनासं झालं. शेवटच्या भेटीत त्यांनी पिकदाणी खुणेनंच माझ्या हाती दिली. घरी आणून, ती घासण्याआधी जुळवलेला माझा जुना तीर विटांवर ठेवला, ती टांगली. बरोबर दोन बोटं.

आता ती माझ्या फडताळात आहे. बायको नाकाला पदर लावून विचारते, "घासू का?"

आमच्या घरात चिंच येत नाही. वरणातसुद्धा नाही.